खुर्ची कुणाची, श्रद्धा कुणाची?

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रोवन नावाचा एक लहानसा परगणा आहे. वस्ती तेवीस-चोवीस हजारांची. तिकडे लग्न करायचं तर आधी परगण्याच्या कचेरीतून परवाना काढावा लागतो. तो देण्याचं काम 'कौंटी क्लार्क'चं. हा क्लार्क म्हणजे आपल्याकडचा कारकून नव्हे बरं का! ते लोकांनी मतं देऊन निवडलेलं पद आहे. २०१५ साली या पदावर किम डेव्हिस नावाच्या बाई होत्या.

त्या वर्षी २६ जूनला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला, की दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना एकमेकांशी लग्न करण्याचा हक्क देशभर राहील. डेव्हिसबाई श्रद्धाळू ख्रिस्ती. असं लग्न त्यांच्या धर्मश्रद्धेत बसेना, आणि परवान्यावर तर त्यांचंच नाव छापलेलं. मग त्यांनी परवाने देणंच बंद केलं. समलिंगी जोडप्यांचेच नव्हे, सगळ्यांचेच. न्यायालयानं आदेश दिला, तोही त्यांनी मानला नाही. अखेर ३ सप्टेंबरला न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना तुरुंगात पाठवण्यात आलं. पाच दिवसांनी त्या सुटल्या. तोवर त्यांच्या हाताखालच्या माणसांनी परवाने द्यायला सुरुवात केली होती.

कुणी त्यांना संत ठरवलं, कुणी खलनायिका. मला दोन्ही पटत नाही. त्यांची श्रद्धा खोटी होती असं म्हणायला काही कारण नाही. श्रद्धेसाठी तुरुंगात जायला हिंमत लागते. पण त्या खिडकीच्या दोन बाजू होत्या. आत श्रद्धा असलेली बाई होती, तशी बाहेर परवाना मागणारी माणसंही होती. ती त्याच परगण्यात राहत होती, कर भरत होती. आणि त्यांना सांगितलं जात होतं, 'दुसऱ्या परगण्यात जा.' प्रश्न एवढाच, की आतल्या माणसाच्या श्रद्धेची किंमत बाहेरच्या माणसानं का मोजायची?

याच प्रश्नाला एका राजानं वेगळं उत्तर दिलं होतं. बेल्जियमचे राजे बोदुआँ हे निष्ठावान कॅथलिक. १९९० साली तिथल्या संसदेनं गर्भपाताला काही अटींवर मुभा देणारा कायदा मंजूर केला. राजाच्या सहीशिवाय तो अमलात येणार नव्हता. राजानं पंतप्रधानांना कळवलं, की माझं मन मला सही करू देत नाही. पण माझ्यामुळे संसदेचा निर्णय अडूही नये. मग राज्यघटनेतल्या एका तरतुदीचा आधार घेऊन राजा राज्य करण्यास असमर्थ असल्याचं जाहीर करण्यात आलं. मंत्रिमंडळानं कायद्यावर सही केली. ५ एप्रिलला संसदेनं राजाला पुन्हा अधिकार बहाल केले. दीड-दोन दिवसांचा मामला!

काही लोक याला पळवाट म्हणाले. असेलही. पण राजाची श्रद्धा राहिली आणि लोकांचा कायदाही राहिला. श्रद्धा आड आली तेव्हा बाजूला झाला तो राजा. डेव्हिसबाईंच्या कचेरीत मात्र बाई खुर्चीत राहिल्या आणि बाजूला व्हावं लागलं ते लोकांना. मला दोघांतला खरा फरक दिसतो तो इथे.

तुम्ही म्हणाल, प्रत्येक वेळी नोकरीवरच पाणी सोडायचं का? पोट कुणाला सुटलं आहे? बरोबर आहे. म्हणून शहाणे कायदे मधली वाट शोधतात. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्यात डॉक्टर-नर्सना आपल्या सदसद्विवेकाला स्मरून या कामात भाग न घेण्याची मुभा आहे. पण बाईचा जीव धोक्यात असेल तेव्हा ती मुभा नाही. केंटकीतही २०१६ साली कायदा करून परवान्यावरचं क्लार्कचं नाव काढून टाकलं. बाईंच्या मनावरचं ओझं उतरलं, आणि खिडकीबाहेरच्याला परवानाही मिळत राहिला. इतकी साधी गोष्ट होती!

पण मधली वाटही जपून चालावी लागते. दक्षिण आफ्रिकेनं २००६ साली समलिंगी जोडप्यांच्या विवाहनोंदणीचा कायदा केला, तेव्हा न पटणाऱ्या सरकारी विवाह अधिकाऱ्यांना नकार देण्याची सवलत ठेवली. एका अधिकाऱ्यानं नकार दिला तर शेजारचा आहे, असा हिशेब. पण शेजारचाही नाही म्हणाला तर? हक्क कागदावर राहतो आणि माणूस गावोगाव फिरतो. शेवटी २०२० साली ती सवलत काढून टाकणारा कायदा झाला. सवलत द्यायला हरकत नाही. पण बाहेरच्या माणसाला ती जाणवता कामा नये.

आता आपल्या घरात डोकावू. समलिंगी विवाहांना आपल्याकडे कायद्याची मान्यता नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो प्रश्न संसदेवर सोपवला. पण श्रद्धा आणि सरकारी काम यांची गाठ आपल्याकडेही रोज पडते. मुसलमान माणूस राज्य उत्पादन शुल्क खात्यात असेल, तर दारूच्या परवान्याची फाईल त्याच्या टेबलावर येणारच. पशुसंवर्धन खात्यातल्या माळकऱ्याला कोंबडीपालनाच्या प्रकरणावर सही करावी लागणार. मत्स्यव्यवसाय खात्यात जैन अधिकारी असू शकतो. अशी माणसं काम चोख करतात, घरी जातात आणि आपला धर्म पाळतात. त्यांची बातमी होत नाही. व्हायचं कारणही नाही. सही करणं म्हणजे त्या गोष्टीला आपला आशीर्वाद देणं नव्हे, हे त्यांना उमगलेलं असतं. सही खात्याची असते.

आमच्याकडे एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्यानं विश्वासानं आपल्याकडे ठेवायला दिलेली वस्तू. अमानत ज्याची त्याला पोचती करा, अशी कुराणाची आज्ञा आहे, आणि अनेक भाष्यकारांनी सत्तेचं पदही अमानतीत धरलं आहे. मराठी तर त्याहून रोखठोक. आपण 'पदभार' स्वीकारतो. भार म्हणजे ओझं, तेही लोकांचं. हमालानं पेटी उचलल्यावर आतला माल आपल्याला आवडतो का, हे विचारायचं नसतं. नकोच असेल तर उचलण्याआधी सांगावं.

आपल्या राज्यघटनेचं पंचविसावं कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य देतं. सोळावं कलम सांगतं, की सरकारी नोकरी देताना धर्मावरून भेद करायचा नाही. माझ्या मते या दोन कलमांचा सांधा असा आहे: आत येताना तुमचा धर्म कुणी आडवा आणला नाही, म्हणून आत आल्यावर तुम्ही तो कुणाला आडवा आणायचा नाही.

याची खरी कसोटी लागते ती विवाह नोंदणीच्या कचेरीत. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं दोन धर्मांच्या मुला-मुलीला आपापला धर्म न सोडता लग्न करता येतं. त्यासाठी नोटीस द्यावी लागते, ती कचेरीत लावतात, तीस दिवस हरकतींसाठी असतात आणि मग तीन साक्षीदारांसमोर लग्न होतं. हरकत कशावर घेता येते, तेही ठरलेलं आहे. वय, आधीचं लग्न, जवळचं नातं, संमती देण्याची मानसिक क्षमता. धर्म वेगळा आहे, ही हरकत त्यात नाही.

पण समजा, खुर्चीतल्या माणसाला हे लग्न मनातून पसंत नाही. तो हिंदू असेल, मुसलमान असेल, आणखी कुणी असेल. तो काही डेव्हिसबाईंसारखं 'देणार नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, 'उद्या या.' 'साहेब रजेवर आहेत.' 'एक कागद कमी आहे.' कधी मुलीच्या घरी हळूच फोन जातो. हा नकारच आहे, पण त्यावर सही-शिक्का नाही. डेव्हिसबाईंनी निदान उघड नकार दिला. म्हणून त्यांना न्यायालयात खेचता आलं. २०२३ साली ज्यूरीनं एका जोडप्याला एक लाख डॉलरची भरपाई मंजूर केली, आणि १० नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं बाईंची याचिका ऐकायला नकार दिला. 'उद्या या' म्हणणाऱ्यावर कुठल्या न्यायालयात जायचं? आणि अशा जोडप्यासाठी एकेक दिवस जिवावरचा असू शकतो.

एक शंका उरते. अधिकाऱ्यानं नुसतं हुकमाचं ताबेदार व्हावं का? मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात 'वरून हुकूम होता' एवढं सांगून आरोपींची सुटका झाली नाही, आणि ते योग्यच झालं. निरपराधावर लाठी चालवायला सांगितली, तर हात थांबलाच पाहिजे. पण हात कशासाठी थांबतो, ते पाहायला हवं. समोरच्याला इजा होऊ नये म्हणून थांबलेला हात वेगळा, आणि समोरच्याच्या हक्काचा कागद अडवण्यासाठी थांबलेला हात वेगळा. पहिल्यात शिक्षा होते ती थांबणाऱ्याला. दुसऱ्यात ती होते खिडकीबाहेर उभ्या असलेल्याला.

सदसद्विवेक ही फार मोलाची गोष्ट आहे. तिची किंमत द्यावी लागते, आणि ती आपल्याच खिशातून द्यायची असते. वरिष्ठांना लेखी कळवावं, ते टेबल बदलून मागावं, नाहीच जमलं तर खुर्ची सोडावी. सन्मानाचे इतके रस्ते मोकळे आहेत. रांगेतल्या माणसाला उन्हात उभं करून आपला धर्म राखता येत नाही.