शहराची वाढ आणि बांधकाम परवानगीचे बळ

शेतजमिनीचे निवासी भूखंडात रूपांतर होणे ही आता जिल्ह्याच्या ठिकाणी नित्याची बाब झाली आहे. यवतमाळ शहर त्यास अपवाद नाही. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ नगरपरिषद क्षेत्राची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. परंतु प्रत्यक्ष शहर त्यापूर्वीच हद्दीबाहेर पसरले होते. लोहारा, वडगाव, उमरसरा, वाघापूर, भोसा, मोहा, पिंपळगाव या लगतच्या गावांच्या शिवारांत नोकरदार, शिक्षक, सेवानिवृत्त कर्मचारी आणि मुलांच्या शिक्षणासाठी खेड्यांतून आलेली कुटुंबे स्थायिक झाली. लोहाऱ्याची औद्योगिक वसाहत, नागपूर-तुळजापूर महामार्ग आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्ग यांमुळे जमिनीची मागणी वाढत गेली. या रेल्वेमार्गाचा वर्धा-कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. दरम्यान ही गावे नगरपरिषदेत समाविष्ट करण्यात आली आणि २०१६ ची नगरपरिषद निवडणूक विस्तारित हद्दीत झाली.

हद्द बदलली की केवळ गावाची पाटी बदलत नाही. परवानगी देणारी संस्था बदलते, लागू होणारे नियम बदलतात आणि पूर्वी मिळालेल्या कागदांची कसोटी लागते. आयुष्यभराची बचत भूखंडात गुंतविणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. म्हणूनच परवानगीचे बळ कशात असते, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

परवानगी कोणाची?

राज्यात जमिनीचा वापर मुख्यतः दोन कायद्यांनी नियंत्रित होतो: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आणि महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६. पहिल्या कायद्यानुसार शेतीव्यतिरिक्त वापरासाठी अकृषिक परवानगी लागत असे. २०१४ व २०१७ च्या सुधारणांपासून ही अट टप्प्याटप्प्याने सैल करण्यात आली. मात्र त्यामुळे नगररचनेची मंजुरी अनावश्यक ठरली, असा समज करून घेणे धोक्याचे आहे. अभिन्यास, म्हणजे बोलीतील ‘ले-आऊट’, सक्षम नियोजन प्राधिकरणाने मंजूर केलेला असावाच लागतो.

ग्रामपंचायतीला बांधकामाबाबत १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने काही अधिकार दिले. परंतु शेतजमिनीवरील अभिन्यास मंजूर करणे त्यांत येत नाही. ग्रामपंचायतीचा ‘नमुना आठ’चा उतारा आणि घरपट्टीची पावती ही कर आकारणीची कागदपत्रे होत. त्यांवरून मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकाम वैधही ठरत नाही. नगरपरिषदेच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे. अनधिकृत बांधकामावर शास्तीसह कर घेतला, म्हणून ते अधिकृत होत नाही.

यवतमाळसारख्या जिल्ह्यात आणखी एक दक्षता घ्यावी लागते. गोंड, कोलाम आदी आदिवासी बांधवांच्या जमिनी बिगर-आदिवासी व्यक्तीकडे हस्तांतरित करण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६-अ चे निर्बंध आहेत. भोगवटादार वर्ग-२ च्या आणि भूदानात मिळालेल्या जमिनींच्या हस्तांतरणावरही बंधने आहेत. अशी जमीन आवश्यक मंजुरीविना भूखंड पाडून विकली गेली, तर नकाशा कितीही सुबक असला तरी त्याचा पायाच कच्चा राहतो. म्हणून सातबारा उताऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना आणि जुने फेरफार वाचल्याखेरीज व्यवहार करू नये.

आरक्षण आणि हितसंबंध

शहराचा विकास आराखडा म्हणजे कोणती जमीन कोणत्या कामी यावी, याचा सार्वजनिक करार होय. कोणाच्या शेतातून रस्ता जाईल, कोठे शाळा, उद्यान वा बाजार येईल, कोणाची जमीन निवासी विभागात पडेल, यांवर जमिनीची किंमत अवलंबून असते. त्यामुळे या निर्णयांत हितसंबंध गुंतणे अटळ आहे. कायद्याने त्यासाठी उघड मार्ग ठेवला आहे. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो, ठरावीक मुदतीत हरकती व सूचना मागविल्या जातात, नियोजन समिती सुनावणी घेते आणि त्यानंतर आराखडा शासनाच्या मंजुरीस जातो. हद्दवाढीतील क्षेत्रासाठीही आराखडा करण्याची तरतूद कलम ३४ मध्ये आहे. बदल सुचविण्याची खरी वेळ हीच होय.

नंतर आडमार्गाने केलेला बदल किती महाग पडतो, याचे उदाहरण पुण्यात घडले. प्रभात रस्त्यावरील प्राथमिक शाळेसाठी आरक्षित भूखंडाचे आरक्षण १९९६ मध्ये हलवून तेथे निवासी इमारतीस परवानगी देण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये हा निर्णय बेकायदेशीर ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तो निकाल कायम केला. इमारत उभी होती, परवानगीचे कागदही होते. परंतु ज्या निर्णयातून ते कागद निघाले, तोच टिकला नाही.

याची दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. आरक्षण घालून जमीन वर्षानुवर्षे ताब्यात न घेणे हा शेतकऱ्यावर अन्याय ठरतो. कलम १२७ नुसार आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकास खरेदी-सूचना बजावता येते आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत कार्यवाही न झाल्यास आरक्षण व्यपगत होते. संपादनाचा नुसता ठराव करून तो वर पाठविणे ही पुरेशी कार्यवाही नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ मध्ये स्पष्ट केले. ठराव करून निश्चिंत होणाऱ्या स्थानिक संस्थांना ही सूचनाच आहे. आर्थिक तरतूद नसताना घातलेले आरक्षण शेवटी मालकाचेही हित साधत नाही आणि शाळेचेही नाही.

कागदावरील रस्ता, प्रत्यक्षातील पाणी

अभिन्यासाला प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते. भूमी अभिलेख विभागाकडून मोजणी झाल्यावर आणि अटींची पूर्तता झाल्यावर अंतिम मंजुरी दिली जाते. तात्पुरत्या नकाशावर भूखंड विकले गेले आणि विकासक निघून गेला, तर कच्चे रस्ते व उघड्या नाल्या रहिवाशांच्या वाट्याला येतात. डिसेंबर २०२० पासून राज्याच्या बहुतांश भागात लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर व त्याहून मोठ्या अभिन्यासात दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते. ही जागा लहान मुलांच्या खेळण्याची आहे. तीवर भूखंड पाडले जात असतील, तर ते वेळीच निदर्शनास आणणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरते.

पाण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. यवतमाळला निळोणा आणि चापडोह या धरणांतून पाणी मिळत आले. २०१८ च्या उन्हाळ्यात शहराने तीव्र टंचाई अनुभवली आणि बेंबळा प्रकल्पातून पाणी आणण्याच्या योजनेचे महत्त्व सर्वांना पटले. नवी वस्ती मंजूर करताना पाणी कोठून येणार, हा प्रश्न विचारला गेला नाही, तर आजचा भूखंडधारक उद्या टँकरच्या रांगेत उभा राहतो.

नियमित करण्याची मर्यादा

अनियमित भूखंडांसाठी राज्याने २००१ चा गुंठेवारी अधिनियम केला. २०२१ च्या सुधारणेने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढविली. अनेक कुटुंबांना त्याचा दिलासा मिळू शकतो. तथापि नियमित करणे ही सवलत आहे, हक्क नव्हे. तीसाठी शुल्क भरावे लागते आणि सर्वच जमिनींना ती मिळत नाही. ‘पुढे नियमित होईल’ या आश्वासनावर केलेली खरेदी ही पैज लावण्यासारखीच असते.

गावपातळीवरील काम

या साऱ्याचा उपाय फार अवघड नाही. शहरालगतच्या ग्रामपंचायतींनी मंजूर अभिन्यासांची यादी व नकाशे आपल्या फलकावर लावावेत. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होताच त्यावर ग्रामसभेत चर्चा घडवून आणावी. ज्या कुटुंबांना नकाशा वाचता येत नाही, त्यांना हरकत लिहून देण्याच्या कामी शिक्षकांनी मदत केली, तर ती मोठी लोकसेवा होईल. अधिकाऱ्यांनी नकार देताना लेखी कारण द्यावे आणि होकार देताना अटी स्पष्ट शब्दांत सांगाव्यात.

खरेदीदाराने मंजुरीचा क्रमांक व दिनांक पाहून तो संबंधित कार्यालयात पडताळून घ्यावा आणि बांधकाम परवानगीचे नूतनीकरण मुदतीत करावे. ही परवानगी मुळात एका वर्षासाठी असते. सूचनाफलकावर लागलेला नकाशा जितके लोक वेळेवर वाचतील, तितकी घरे पुढे न्यायालयाच्या दारी जाण्यापासून वाचतील.