नाक धरायला हात नाही

पेणला कानाच्या दवाखान्यात आईला घेऊन बसले होते. कंपाउंडरने एक नाव तीनदा पुकारलं. शेजारच्या बाईंनी हलवलं तेव्हा तो उठला. तिशीतला, रुंद खांद्यांचा, उजव्या कानात कापूस. आतून डॉक्टरांचा आवाज आला, "पडद्याला भोक आहे. दोन महिने कान कोरडा ठेवायचा, पोहायचं नाही." तो म्हणाला, "पोहत नाय मी. रेती काढतो."

ते वाक्य डोक्यातून जाईना. नवव्या दिवशी त्याला शोधत रोह्याला गेले. तो कुंडलिकेच्या खाडीत, होडीवर होता.

होडीच्या कडेला तळापर्यंत बांबू रोवलेला. माणूस बादली घेऊन बांबूच्या आधाराने खाली जातो, अंधारात चाचपडत रेती भरतो, दोरीला हिसका देतो आणि वरचे दोघे बादली ओढून घेतात. यालाच डुबी म्हणतात. पाणी इतकं गढूळ की वीतभर खाली गेलेला हात दिसत नाही. "किती खोल?" मी विचारलं. त्याने डावा कान पुढे केला. "२० फूट. भरतीला जास्त."

२० फूट. तिथे दाब वरच्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. पडद्यामागची हवा आक्रसते, पडदा आत ओढला जातो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकलं की घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते आणि दाब सारखा होतो. वाल्साल्वा या इटालियन वैद्याने ही युक्ती १७०४ साली लिहून ठेवली. पण ती वेळेवर करावी लागते. चारेक फूट खाली जाईपर्यंत कान मोकळा केला नाही, तर नळी मिटून बसते, मग वर आल्याशिवाय इलाज नाही.

मी त्याचे हात पाहत राहिले. एका हातात बांबू, दुसऱ्यात बादली. नाक धरायला हात उरतच नाही. "आवंढा गिळायचा," तो म्हणाला. कुणी शिकवलं? कुणी नाही. कानाला दडे बसले की गिळायचं, ठणकलं तरी जायचं. रेतीचे पैसे ब्रासवर मिळतात.

सर्दी झाली तर? तारकर्लीला स्कूबासाठी येणाऱ्या पर्यटकाला हे आधी विचारतात आणि नाक चोंदलेलं असेल तर पाण्यात उतरू देत नाहीत. बरोबरच आहे. सर्दीत कपाळातल्या, गालातल्या पोकळ्यांची तोंडं सुजून बंद होतात, आतल्या हवेला वाट राहत नाही. त्याचा साथीदार भुवईवर बोट ठेवून म्हणाला, "इथं सुरी मारल्यासारखं होतं. वर आलो की नाकातनं रक्त." तरी तो उतरतो.

रेती सक्शन पंपाने काढली तर तळ खरवडला जातो, काठ ढासळतात. म्हणून सरकारच्या वाळू धोरणात हाताने रेती काढण्याच्या या पद्धतीला, हातपाटी-डुबीला, वेगळी जागा आहे. खाडीच्या दृष्टीने ते मला पटतं. पण होडीवर पाच जण होते आणि दवाखान्यात गेलेला हा सोडला तर एकाचाही कान कधी कुणी तपासलेला नव्हता. २० फुटांवर रोज जाणाऱ्यांचा.

"बघा," म्हणून त्याने नाक धरलं आणि फुंकलं. उजव्या कानातून बारीक फुस्स आवाज आला, सायकलच्या ट्यूबमधून यावा तसा. कापसाचे तंतू हलले.

त्याच भोकातून गार पाणी आत शिरतं आणि त्याचा गारवा तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला लागतो. "मग सगळं गरकन फिरतं, ताई. वर कुठं, खाली कुठं, कळत नाय. म्हणून बांबू सोडत नाय."

बांबू फक्त उतरायला असतो, असं मी सकाळपासून समजत होते.

त्याने नवा बोळा खोबरेल तेलात भिजवला, पिळला, कानात दाबून बसवला. मग बादली उचलली आणि डाव्या हाताने बांबू धरला.