सीमेपलीकडील पुरावा : सायबर गुन्हे आणि राष्ट्राराष्ट्रांतील कायदेशीर साहाय्य

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या संगणकव्यवस्थेत शिरून ११ व १३ ऑगस्ट २०१८ ह्या दोन दिवशी सुमारे ९४ कोटी रुपये काढून नेण्यात आले. बनावट कार्डांच्या साहाय्याने २८ देशांतील ए.टी.एम. यंत्रांमधून रोकड बाहेर पडली, व काही रक्कम हाँगकाँगमधील एका खात्यावर वळविण्यात आली. गुन्ह्याची फिर्याद पुण्यात नोंदली गेली. परंतु गुन्ह्याचा पुरावा मात्र पुण्यात फारसा उरला नव्हता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांस दोषी ठरविले. ही माणसे कार्डे व रोकड हाताळणारी होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे २०१९ साली आलेल्या तज्ज्ञमंडळाच्या अहवालात ह्या चोरीचा संबंध उत्तर कोरियाशी जोडलेला आहे, आणि तेथवर कोणत्याही पोलीस अधिकाऱ्याचे समन्स पोहोचण्याचा संभव नाही. गुन्हा काही तासांत २८ देशांत पोहोचतो, तपास मात्र एका देशाच्या वेशीवर थबकतो. ही विसंगती दूर करण्याचे जे प्रयत्न गेल्या पंचवीस वर्षांत झाले, त्यांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे आहे.

परदेशातील पुरावा मागविण्याचा जुना मार्ग म्हणजे विनंतीपत्राचा. तपासी अधिकाऱ्याने मसुदा करावयाचा, गृहमंत्रालयाची संमती घ्यावयाची, न्यायालयाने ते पत्र काढावयाचे व त्या त्या देशाच्या योग्य अधिकाऱ्याकडे ते रवाना व्हावयाचे, असा हा क्रम आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६६-अ मध्ये असलेली ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ११२ मध्ये आढळते. ज्या देशाशी परस्पर साहाय्याचा करार आहे, तेथे वाट थोडी सुकर होते. भारत व अमेरिका ह्यांच्यामधील असा करार १७ ऑक्टोबर २००१ रोजी झाला व २००५ साली अंमलात आला. तथापि करार असूनही विलंब टळत नाही. अशा विनंत्यांची पूर्तता होण्यास सरासरीने सुमारे १० महिने लागतात, असे अमेरिकेच्या अध्यक्षांनी नेमलेल्या एका समितीने २०१३ च्या डिसेंबरात नमूद केले होते. सेवा पुरविणाऱ्या कंपनीच्या नोंदी पुष्कळदा त्याहून कितीतरी आधी पुसल्या जातात.

विलंबाचे एक कारण भाषा हे आहे, आणि विधिज्ञांच्या चर्चेत त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. पुण्यातील फिर्याद मराठीत असते. तिचे इंग्रजी होते. आणि पत्र ज्या देशास जावयाचे त्याची राजभाषा निराळी असल्यास त्या भाषेतील प्रमाणित भाषांतर जोडावे लागते. दोन भाषांतरांच्या चाळणीतून जाताना ‘फसवणूक’, ‘अपहार’ व ‘विश्वासघात’ ह्या तीन शब्दांमधील भेद टिकतोच असे नाही. तो न टिकल्यास पलीकडील अधिकारी विचारतो की, हे कृत्य आमच्या कायद्याने गुन्हा ठरते काय? कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असले पाहिजे, ह्या अटीला काही ठिकाणी ‘दुहेरी गुन्हेगारी’ असे म्हटलेले आढळते. ही संज्ञा दिशाभूल करणारी आहे. तिच्यावरून एखाद्याने दोनदा गुन्हा केल्याचा भास होतो. ‘उभयदेशीय अपराधत्व’ ही संज्ञा बोजड खरी, पण अर्थ अचूक सांगते.

ह्या अटीचे महत्त्व मे २००० मध्ये साऱ्या जगाच्या ध्यानी आले. प्रेमपत्राचे सोंग घेतलेल्या एका संगणक-विषाणूने त्या महिन्यात अनेक देशांतील यंत्रणा बंद पाडल्या. त्याचा उगम फिलिपीन्समध्ये सापडला, संशयितही सापडला. परंतु अशा कृत्यास शिक्षा सांगणारा कायदाच त्या देशात नव्हता. कायदा जूनमध्ये झाला, पण तो मागील कृत्यास लागू होणे शक्य नव्हते, आणि खटला ऑगस्टमध्ये काढून घ्यावा लागला.

युरोप परिषदेचा बुडापेस्ट करार २३ नोव्हेंबर २००१ रोजी स्वाक्षरीसाठी खुला झाला व १ जुलै २००४ पासून अंमलात आला. त्याच्या २५ व्या अनुच्छेदात असे म्हटले आहे की, दोन देशांनी त्या अपराधाला एकच नाव दिले आहे किंवा एकाच वर्गात घातले आहे हे पाहावयाचे नाही. मुळातले कृत्य दोन्हीकडे अपराध असले म्हणजे पुरे. नावापेक्षा कृत्य पाहावे, हा व्यवहारी शहाणपणा भाषेच्या अभ्यासकास विशेष भावावा असा आहे.

ह्याच करारातील दुसरी उपयुक्त कल्पना म्हणजे तातडीच्या जतनाची. येथे मराठीत घोटाळा होण्याचा मोठा संभव आहे, कारण ‘जपून ठेवणे’ हा एकच प्रयोग दोन अगदी भिन्न गोष्टींना लागतो. एक म्हणजे सर्व ग्राहकांच्या सर्व नोंदी ठराविक काळ साठवून ठेवण्याची सक्ती. हिला ‘साठवण’ म्हणावे. दुसरी म्हणजे एका विशिष्ट गुन्ह्याच्या तपासासाठी, आज अस्तित्वात असलेली विशिष्ट माहिती कोणी पुसू नये असा हुकूम, हे ‘जतन’. करार दुसऱ्या गोष्टीपुरताच बोलतो. परदेशाच्या विनंतीवरून केलेले जतन किमान ६० दिवस टिकले पाहिजे, म्हणजे तेवढ्या अवधीत रीतसर विनंतीपत्र पाठविता येते. जतन म्हणजे माहिती हाती देणे नव्हे, केवळ ती गोठविणे होय. पहिली गोष्ट नागरिकांच्या खाजगीपणावर सरसकट आक्रमण करते, दुसरी करीत नाही. आणि दोहोंना एक शब्द वापरणारा वृत्तपत्रलेखक नकळत वाचकास घाबरवितो अथवा गाफील ठेवतो. अशा विनंत्या स्वीकारण्यासाठी दिवसरात्र चालू असलेले संपर्ककेंद्र प्रत्येक सदस्य राष्ट्राने ठेवावयाचे असते. भारत ह्या करारात सामील झालेला नाही. परंतु प्रमुख औद्योगिक राष्ट्रांनी उभारलेल्या तशाच एका संपर्कजालात केंद्रीय अन्वेषण विभाग भारताच्या वतीने आहे.

पुरावा ‘कोठे’ असतो, ह्या प्रश्नाने मात्र न्यायालयांची खरी परीक्षा घेतली. अमली पदार्थांच्या एका तपासात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्ट कंपनीवर एका खात्यातील पत्रे देण्याचा हुकूम बजावला. पत्रे आयर्लंडमधील डब्लिन येथील यंत्रावर होती. कंपनी म्हणे, झडती डब्लिनमध्ये होते, म्हणून आयरिश सरकारला विचारा; सरकार म्हणे, कंपनी येथे आहे व बटण येथेच दाबले जाते. १४ जुलै २०१६ रोजी अपील न्यायालयाने कंपनीचा पक्ष उचलून धरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात चालू असतानाच २३ मार्च २०१८ रोजी अमेरिकेने नवा कायदा केला : माहिती कंपनीच्या ताब्यात अथवा नियंत्रणात असेल, तर ती कोणत्याही देशात ठेवलेली असो, द्यावी लागेल. अशा रीतीने ‘ठिकाण’ हा शब्द मागे पडला व ‘ताबा’ हा शब्द पुढे आला. पत्र पेटीत असते तेव्हा ठिकाण व ताबा सहसा एकत्रच असतात. येथे त्यांची फारकत झाली. त्याच कायद्याने परकीय सरकारांना अमेरिकन कंपन्यांकडून थेट माहिती मागण्याची वाट करारापुरती मोकळी केली. ब्रिटनशी झालेला असा करार ३ ऑक्टोबर २०२२ पासून अंमलात आहे. दुबळ्या राष्ट्रांना ही सवलत मिळवितानाच तिची किंमत चुकवावी लागेल, ही शंका अनाठायी नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २४ डिसेंबर २०२४ रोजी सायबर गुन्ह्यांविरुद्धचा जागतिक करार संमत केला, व ऑक्टोबर २०२५ मध्ये हानोई येथे तो स्वाक्षरीस खुला झाला. ४० राष्ट्रांच्या अनुसमर्थनानंतर ९० व्या दिवशी तो अंमलात यावयाचा आहे. त्याचे नाव एका दमात वाचता येत नाही. ‘सायबर गुन्हा’ हा आटोपशीर शब्द काही राष्ट्रांना हवा होता. माहिती-तंत्राच्या साहाय्याने केलेला कोणताही गुन्हा त्यात यावा, असा इतरांचा आग्रह होता. तडजोड म्हणून दोन्ही शब्दप्रयोग शीर्षकात राहिले. मुख्य वाद निराळाच आहे. विद्युत्-पुराव्याचे साहाय्य केवळ संगणकी गुन्ह्यांपुरते नसून प्रत्येक ‘गंभीर गुन्ह्यास’ लागू होते, आणि ज्यास कमाल शिक्षा किमान ४ वर्षांच्या कैदेची आहे तो गंभीर, अशी व्याख्या आहे. शिक्षा किती ठेवावी हे ज्या त्या राष्ट्राच्या हाती. एखाद्या राष्ट्राने सरकारवरील टीकेस ५ वर्षांची कैद ठेवली, तर टीकाकाराची पत्रे मागण्याचा मार्ग कागदावर तरी खुला होतो. ह्यावर उतारा म्हणून धर्म, वंश, भाषा, राजकीय मत इत्यादी कारणांवरून एखाद्यास छळण्यासाठी मागणी झाल्याची सबळ शंका असल्यास साहाय्य नाकारण्याची मुभा आहे. पण ती मुभा आहे, बंधन नव्हे.

एवढे करून पुरावा हाती आला तरी तो न्यायालयात उभा राहिला पाहिजे. जालन्याच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीसंबंधीच्या वादात उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला काय, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रफितींवरून ठरवावयाचे होते. कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळाले नाही. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल ह्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. मात्र अशक्य ते करण्याची सक्ती कायदा करीत नाही, म्हणून शक्य ते सर्व करूनही ज्यास ते मिळाले नाही त्यास सूट दिली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने प्रमाणपत्राचे दोन भाग केले आहेत : एक पुरावा सादर करणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि नोंदीची अंकमुद्रा, म्हणजे एक अक्षर बदलले तरी बदलणारी गणिती खूण, दोहोंत द्यावयाची आहे. जालन्याच्या एका कार्यालयातून जे प्रमाणपत्र मिळविताना याचिकाकर्त्यास एवढे हेलपाटे पडले, ते डब्लिनच्या यंत्रगृहातून कोणी, कोणत्या नमुन्यात व कोणत्या भाषेत द्यावयाचे, ह्याचे उत्तर विनंतीपत्राच्या मसुद्यातच लिहिले जाणे आवश्यक आहे. नोंदी आल्यानंतर ते मागावयाचे म्हटले, तर १० महिन्यांची वाट पुन्हा पहिल्यापासून चालावी लागते.