भिंत ते दिवाण, आठ फूट

सकाळी सहा. डोंबिवलीत गॅसवर चहा ठेवला की मी आधी पिशवी उघडून बघतो. मल्टीमीटर, सोल्डरिंग गन, टॉर्च, एचडीएमआयच्या दोन वायरी, एक पेन ड्राइव्ह आणि पाच मीटरची टेप. भिंतीवर ब्रॅकेट ठोकताना टेप लागतेच, पण टीव्ही निवडतानाही तीच आधी काढावी असं माझं मत आहे. टीव्ही दुरुस्त करणं आणि बसवणं हा माझा धंदा. सात वाजता लोकल, ठाण्याला उतरून टीएमटी, आणि वागळे इस्टेट.

साडेआठला गाळ्याचं शटर वर. एमआयडीसीची सुरुवात १९६२ साली याच वागळे इस्टेटमधून झाली. आता आजूबाजूला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती आहेत. तरी गाळे टिकून आहेत, आणि त्यातल्या एकाचा अर्धा भाग माझ्याकडे आहे.

टेबलावर कालपासून एक बत्तीस इंची टीव्ही पडलाय. आवाज येतो, चित्र नाही. टॉर्च तिरका धरला की काळ्या पडद्याच्या आत चित्र पुसट हलताना दिसतं, म्हणजे पॅनल जिवंत आहे, मागच्या एलईडी पट्ट्या गेल्यात. पॅनल उचलताना हात हलला तर सगळं संपलं, कारण टीव्हीच्या किमतीतला मोठा हिस्सा त्या काचेचाच असतो. हाताखालचा पोरगा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, श्वास धरून ते गादीवर ठेवतो.

या टीव्हीच्या खोक्यावर ‘एचडी रेडी’ लिहिलेलं असतं. आत १३६६ गुणिले ७६८ ठिपके, साधारण साडेदहा लाख. गंमत बघा, ७६८ ओळींचं प्रक्षेपण कुठलीच वाहिनी करत नाही. एचडीच्या प्रक्षेपणात ओळी एक तर ७२०, नाही तर १०८०. हा ७६८ चा आकडा कॉम्प्युटरच्या जुन्या १०२४ गुणिले ७६८ पडद्यावरून आला. उंची तीच ठेवून रुंदी सोळास-नऊच्या मापात ताणली की १३६६ होतात. त्यामुळे या टीव्हीत आलेलं प्रत्येक चित्र आधी ताणून किंवा दाबून बसवावं लागतं. फुल एचडीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार ठिपके, आणि फोर-केमध्ये त्याच्या चौपट, जवळजवळ त्र्याऐंशी लाख. तरीही बत्तीस इंचीला मी वाईट म्हणत नाही. का, ते दुपारी सांगतो.

अकरा वाजता किसननगर. तिसरा मजला, जिना अरुंद, त्रेचाळीस इंची फोर-केचं खोकं दोघांनी आडवं करून वर नेलं. घरात आजी, वहिनी, दोन मुलं, सगळी दारातच उभी. पहिला मोठा टीव्ही. ब्रॅकेट ठोकलं, टीव्ही चढवला, सेट-टॉप बॉक्स जोडला, मराठी मालिका लावली. आणि घर गप्प झालं.

“दादा, हा तर जुन्यापेक्षा धुरकट दिसतोय,” वहिनी म्हणाल्या. कष्टाने जमवलेले पैसे फुकट गेले की काय, ही भीती चेहऱ्यावर स्पष्ट होती. असे चेहरे मी महिन्यातून कितीतरी वेळा बघतो आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण त्यांना विकताना हे कोणी सांगितलेलं नसतं.

मी बॉक्सची मागची बाजू दाखवली. लाल, पांढरी, पिवळी वायर. चित्र येतं ते पिवळ्या वायरीतून, आणि ती वायर जुन्या ५७६ ओळींच्या पलीकडे काही नेऊच शकत नाही. बॉक्सही साधा, एसडीचा. ७२० गुणिले ५७६ म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके, आणि ते पसरायचे त्र्याऐंशी लाख घरांवर. एका ठिपक्यावरून वीस ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. जुन्या एकवीस इंची डब्यात हेच चित्र छान दिसायचं, कारण पडदा लहान होता आणि डबा त्या मापाचाच घडवलेला होता.

पेन ड्राइव्ह लावून मी आधी फुल एचडीतली आणि मग फोर-केतली तीच फिल्म लावली. धुरकटपणा गेला, मुलं टाळ्या पिटायला लागली. मग टेप काढली. भिंत ते दिवाण, आठ फूट. आजींना दिवाणावर बसवलं आणि विचारलं, “आजी, दोन्हींत फरक दिसला का?” त्या म्हणाल्या, “दोन्ही झ्याक आहेत की.” बरोबर बोलल्या. मुलगा पडद्यापासून दोन फुटांवर उभा होता, त्याला फरक दिसला होता. निरोगी डोळ्याला फुल एचडीचे ठिपके पडद्याच्या उंचीच्या साधारण तिप्पट अंतरापर्यंतच वेगळे दिसतात. त्रेचाळीस इंची पडद्याची उंची साडेत्रेपन्न सेंटीमीटर. म्हणजे साडेपाच फुटांच्या पुढे गेलं की जास्तीचे ठिपके डोळ्याला कळतच नाहीत. फोर-केचा पुरेपूर फायदा या मापात तीन फुटांवर बसून मिळेल. तीन फुटांवर दिवाण कोण ठेवतं?

वहिनींनी केबलवाल्याला तिथूनच फोन लावला. एचडी बॉक्स उद्या देतो म्हणाला. एचडी वाहिन्यांचे पैसे वेगळे पडतील हेही मी त्यांना आधीच सांगितलं, महिन्याच्या बिलाने दचकायला नको.

दीडला डबा. मेथी, दोन भाकऱ्या, ताक. जेवता जेवता पोरगा विचारतो, “१०८०-आय आणि ७२०-पी, भारी कुठलं?” त्याला मी वहीवर काढून दाखवतो. ‘पी’मध्ये प्रत्येक चित्र अखंड येतं, सेकंदाला पन्नास. ‘आय’मध्ये आधी एक, तीन, पाच अशा विषम ओळी येतात, मग सम, सेकंदाला पन्नास अर्धी चित्रं. हिशेब केला तर ७२०-पी सेकंदाला चार कोटी साठ लाख ठिपके पाठवतं आणि १०८०-आय पाच कोटी अठरा लाख. जवळजवळ सारखंच ओझं. एकात हालचाल स्वच्छ, दुसऱ्यात बारकावा जास्त. अमेरिकेत ईएसपीएनने खेळासाठी ७२०-पी निवडलं ते याच कारणाने. आपल्याकडच्या बहुतेक एचडी वाहिन्या मात्र १०८०-आय आहेत. म्हणून ‘माझा टीव्ही १०८०-पी’ म्हणून भागत नाही. आलेल्या अर्ध्या अर्ध्या ओळी तो किती नीट जुळवतो यावर सगळं अवलंबून. स्वस्त टीव्हीत चेंडू सीमेकडे धावला की कडेला कंगव्याचे दात दिसतात ना, ती जुळवणी फसलेली असते.

तीनला एका काकांबरोबर दुकानात. वागळेतल्याच कंपनीत आयुष्य गेलं, आता लोकमान्यनगरला राहतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. “तू सोबत असलास की फसवणूक होणार नाही,” म्हणाले. दुकानातल्या ओळीत बसवलेल्या टीव्हींवर कंपनीनेच दिलेली फिल्म चालू होती: पोपट, संत्री, रात्रीचं शहर. रंग सगळे भडक लावलेले. अशा फिल्मवरून टीव्ही निवडणं म्हणजे लग्नाच्या फोटोवरून माणूस ओळखणं.

मी तीन गोष्टी मागितल्या. चित्राचा मोड ‘सिनेमा’वर टाका. साधी बातम्यांची वाहिनी लावा. आणि काकांना आठ फूट मागे उभं राहू द्या. विक्रेता मुलगा भला होता, त्याने सगळं केलं. बातम्यांवर दोन महागडे टीव्ही लगेच मागे पडले. खालच्या धावत्या पट्टीतली अक्षरं फाटत होती. काकांनी बोट दाखवलं ते मधल्याकडे. मग ते बाजूला, खुर्ची जिथे असते त्या कोनात उभे राहिले. तिथून आणखी एकाचे रंग फिके पडले. आयपीएस पॅनल कडेनेही सारखं दिसतं, पण अंधारात काळा रंग राखाडी होतो. व्हीए पॅनलचा काळा खोल, पण समोरच बसावं लागतं. दहा बाय बाराच्या खोलीत निम्मं घर कडेला बसतं. त्यामुळे अशा घरांना मी आयपीएसच सांगतो.

“आणि हे एचडीआर काय?” काकांनी खोक्यावर वाचलं. उजेड आणि सावली यातला पल्ला वाढवणारी ती पद्धत खरोखर चांगली आहे, माझ्या मते ठिपक्यांच्या संख्येपेक्षाही चांगली, कारण तिचा फरक आठ फुटांवरूनही दिसतो. पण तशा फिल्मा हजार निट्सच्या उजेडासाठी बनवतात आणि स्वस्त टीव्ही दोनशे-तीनशे निट्सवर थांबतात. खोक्यावर शिक्का असतो, पडद्यात दम नसतो. जिथे उजेडाचा आकडा लिहिलेला नाही तिथे मी एचडीआरचा एक रुपयाही जास्त देऊ देत नाही.

त्यांच्या छोट्या खोलीसाठी बत्तीस इंची एचडी रेडी आणि बाहेरच्या खोलीसाठी त्रेचाळीस, असं ठरलं. छोट्या खोलीत पलंग सात फुटांवर आहे. बत्तीस इंचीवर ७६८ ओळी सहा फुटांपलीकडून पूर्ण भरलेल्याच दिसतात. म्हणून सकाळी म्हटलं, ते मापही वाईट नाही. त्रेचाळीसमध्ये मात्र फोर-केच घेतला, कारण किमतीत फरक थोडा होता आणि त्याच टीव्हीत ओळींची जुळवणी सगळ्यांत नीट होती. बत्तीसच्या वरच्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला, तेही काकांच्या पथ्यावर पडलं.

सहा ते आठ, सावरकरनगर आणि श्रीनगरला दोन घरं. एकीकडे वाहिन्यांची नावं कडेला कापली जात होती. सेटिंगमध्ये पडदा ‘स्क्रीन फिट’वर टाकला, पाच मिनिटांचं काम. दुसरीकडे सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो अशी तक्रार. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून भरत होता, ती सोय बंद केली.

साडेनऊला डोंबिवली. आमच्या घरी बत्तीस इंचीच आहे, सहा फुटांवर, एचडीएमआयच्या वायरीने जोडलेला. जेवताना वहिनींचा फोन आला: केबलवाला उद्या सकाळी दहाला एचडी बॉक्स आणतोय, पण वायर देणार नाही म्हणतोय.

पिशवीत दोन आहेत. एक उद्या किसननगरला जाईल.