गोळी सोडताना

चिंतेवर रोज गोळी घेणारा माणूस एक दिवस ती आपल्या मनानेच बंद करतो. दोन-तीन दिवसांत छाती धडधडू लागते, हात थरथरतात, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. घरातले म्हणतात, ‘गोळीशिवाय तुझं काही खरं नाही.’ त्यालाही ते पटते आणि गोळी पुन्हा सुरू होते. जुने दुखणे उलटले, असाच सगळ्यांचा समज होतो. पण पुष्कळदा ते जुने दुखणे नसते. सवयीचे औषध अचानक काढून घेतल्यावर शरीरात उठलेली ती खळबळ असते. या दोहोंतला फरक ओळखायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला आणि त्या काळाची किंमत रुग्णांनी मोजली.

या गोळ्यांच्या कुळाचे नाव बेन्झोडायझेपाइन. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, डायझेपाम ही त्यातली आपल्याकडे ओळखीची नावे. रोश कंपनीच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने तयार केलेले एक संयुग तपासणीविना पडून होते. १९५७ मध्ये आवराआवर करताना ते हाती लागले आणि प्राण्यांवरच्या चाचणीत त्याचा शामक गुण दिसला. १९६० मध्ये ते लिब्रियम या नावाने बाजारात आले, १९६३ मध्ये त्यामागोमाग व्हॅलियम आले. त्याआधीच्या बार्बिट्युरेट गोळ्या जास्त घेतल्या तर जीव जाई. त्या मानाने ही औषधे निर्धोक वाटली आणि जगभर मुक्तहस्ते लिहून दिली जाऊ लागली.

धोक्याची सूचना मात्र लगेच मिळाली होती. १९६१ मध्ये लिओ हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या अकरा रुग्णांचे औषध एकदम थांबवले. त्यांपैकी दहा जणांना त्रास झाला, दोघांना फिट आली. पण मात्रा अवाढव्य होती, नेहमीच्या डोसाला असे होणार नाही, अशी समजूत करून घेतली गेली. ती समजूत मोडायला वीस वर्षे गेली. १९८०च्या सुमारास लंडनमध्ये माल्कम लेडर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की डॉक्टरांनी सांगितलेल्या साध्या मात्रेत, वेळच्या वेळी गोळी घेणाऱ्यालाही ती सोडताना हाच त्रास होतो. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपुरतीच द्यावीत, असा सल्ला दिला.

असे का होते? मेंदूत गाबा नावाचे एक रसायन चेतापेशींची धावपळ आवरते. गाडीला ब्रेक असतो, तसे. ही गोळी त्या ब्रेकवर जादा जोर देते. रोज जोर मिळू लागला, की मेंदू आपला स्वतःचा ब्रेक सैल करतो. मग तेवढ्याच गोळीचा गुण कमी येऊ लागतो. अशा वेळी गोळी अचानक बंद झाली, तर बाहेरचा जोर जातो आणि आतला ब्रेक सैलच राहतो. घालमेल, निद्रानाश, कंप, कानात आवाज, मुंग्या, उजेड आणि आवाज सहन न होणे हे सारे त्यातून येते. क्वचित फिट येते, भ्रम होतो, आणि ते जिवावर बेतू शकते. म्हणून गोळी एका झटक्यात कधीच बंद करू नये.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. अल्प्राझोलामचा अंमल लवकर ओसरतो, त्यामुळे काहींना दोन डोसांच्या मधल्या वेळेतच बेचैनी जाणवते. डायझेपाम शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. या फरकाचा उपयोग न्यूकॅसलच्या डॉ. हेदर ॲश्टन यांनी करून घेतला. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षे त्यांनी गोळ्या सोडवण्याचे क्लिनिक चालवले आणि सुमारे तीनशे रुग्ण पाहिले. झटपट ओसरणारी गोळी टप्प्याटप्प्याने डायझेपाममध्ये बदलायची आणि मग तिची मात्रा हळूहळू उतरवायची, ही त्यांची रीत. वेग रुग्णाने ठरवायचा, कारण कुठला टप्पा जड जातो ते त्यालाच कळते. १९९९ मध्ये त्यांनी हे सारे एका पुस्तिकेत मांडले. आजही सर्वसाधारण सल्ला तोच आहे: दर दोन ते चार आठवड्यांनी चालू मात्रेच्या पाच ते दहा टक्के कपात. म्हणजे मात्रा उतरत जाईल तशी कपातही लहान होत जाते. शेवटचा तुकडा सोडणे अनेकांना सर्वांत अवघड वाटते.

जुने दुखणे आणि सोडतानाचा त्रास ओळखायचा कसा? पूर्वी कधी नव्हते असे काही, म्हणजे मुंग्या, कानातला आवाज, उजेडाचा त्रास उद्भवला. तो मात्रा उतरवल्यावर काही दिवसांत सुरू झाला आणि लाटेसारखा चढत-ओसरत राहिला, तर तो बहुधा सोडतानाचा त्रास. तारीख, मात्रा आणि त्रास वहीत टिपून ठेवले, तर डॉक्टरांना निवाडा करणे सोपे जाते. त्रास वाढला तर आहे त्या मात्रेवर काही आठवडे थांबता येते. हार मानायचे कारण नाही. या काळात दारू पूर्ण वर्ज्य, कारण तिचा परिणाम गाबावरच होतो आणि गोळीबरोबर ती श्वास मंदावते. गोळी चालू असतानाचे दुष्परिणामही ध्यानात असावेत: दिवसा गुंगी, विसराळूपणा, तोल जाणे. साठीपुढच्या माणसाला रात्री उठताना पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका यातूनच वाढतो.

आपल्याकडे अल्प्राझोलाम, डायझेपाम ही औषधे २०१४ पासून एच-वन अनुसूचीत आहेत. केमिस्टने चिठ्ठी पाहावी, डॉक्टर व रुग्णाचे नाव वहीत नोंदवावे आणि ती वही तीन वर्षे जपावी, असा नियम आहे. तो चिठ्ठीविना होणारी विक्री रोखण्यासाठी आहे. चिठ्ठीवरच वर्षानुवर्षे चालू राहिलेल्या गोळीला तो कसा आवर घालणार? तिथे प्रश्न रुग्णानेच विचारायला हवा, आणि तो पहिली गोळी घेण्याआधी: ‘डॉक्टर, ही किती दिवस घ्यायची, आणि थांबवायची कशी?’