ऐकू न येण्याची टक्केवारी

सैन्यदलातून बाहेर पडणाऱ्या माणसाची डिसॅबिलिटी पेन्शन दोन प्रश्नांवर ठरते. अपंगत्व किती टक्के? आणि ते कशामुळे आले? पहिल्याचे उत्तर मेडिकल बोर्डाचे डॉक्टर मोजून देतात. दुसरे यंत्राने मोजता येत नाही, आणि बहुतेक अर्ज तिथेच अडतात.

मी सैन्यदलाच्या परिचर्या सेवेत होते. शेवटची वर्षे कान-नाक-घसा विभागात गेली. आपल्याकडे परिचारिका बोर्डावर बसत नाही. अमेरिकेत बसते म्हणायला हरकत नाही: तिथे नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे वरचे शिक्षण घेतलेली परिचारिका, माजी सैनिकाला स्वतः तपासते आणि व्याधीचा सेवेशी संबंध असावा की नाही यावर मत लिहिते. निर्णय दुसरे अधिकारी घेतात, पण कसोटी ठरलेली आहे. दोन्ही पारडी समसमान असली तरी कौल सैनिकाच्या बाजूने. मी मात्र नोकरीत फायली लावल्या आणि आता पाचूबंदरला घरी बसून लोकांचे कागद वाचून देते. येणाऱ्यांत इंजिन रूममध्ये नोकरी केलेले नौसैनिक असतात. तक्रार एकच: ऐकू येते, पण समजत नाही.

हे वाक्य घरच्यांना बहाणा वाटते. तो बहाणा नाही. मोठ्या आवाजाने अंतर्कर्णातल्या नाजूक केसपेशी मरतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. नुकसान आधी उंच स्वरांचे होते. ऑडिओग्राम काढला की ४००० हर्ट्झच्या आसपास रेघ खाली खड्ड्यात जाते आणि ८००० ला पुन्हा थोडी वर येते. म्हातारपणाच्या बहिरेपणात रेघ अशी वर येत नाही, उतरतच जाते. स्वर खालच्या पट्टीतले, म्हणून आ, ओ ऐकू येतात. स, श, त, फ यांसारखी व्यंजने गळतात. ‘सात’ आणि ‘हात’ एकच वाटतात. बायको ओरडून बोलली तरी फरक पडत नाही, कारण ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तितकी होत नाहीत.

खड्डा सहसा दोन्ही कानांत सारखा असतो. म्हणजे आलेख स्वतःच अर्धी साक्ष देतो. उरलेली अर्धी कागदांनी द्यायची: भरतीच्या वेळी कान चांगले होते याची नोंद, कोणत्या जहाजावर कोणत्या विभागात किती वर्षे काढली, आणि मधल्या काळात सिक बेमध्ये केलेल्या तक्रारी. ही तिसरी नोंद बहुतेकांकडे नसते. कानाचा वैद्यकीय दर्जा उतरला की समुद्रावरची नेमणूक आणि बढती धोक्यात येते, म्हणून तरुणपणी कोणी बोलत नाही. पंधरा वर्षांनी तेच मौन अर्जाच्या मुळावर येते.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्ताच्या कागदावर कारणाच्या रकान्यात एवढेच होते, की व्याधी सेवेमुळे झाली नाही व सेवेने बळावलीही नाही. का, ते लिहिलेले नाही. तो मला म्हणाला, “मावशी, आता मीच सिद्ध करायचं का?” नाही. १९८२ च्या नियमांत गृहीतच असे आहे, की भरतीच्या वेळी नोंद नसेल तर माणूस निरोगी होता. सिद्ध करण्याचे ओझे त्याच्यावर नाही. शंकेचा फायदा त्याला द्यायचा. सिग्नल कोअरचे शिपाई धरमवीर सिंह १९८५ मध्ये भरती झाले आणि सुमारे नऊ वर्षांनी फेफऱ्यामुळे २० टक्के अपंग ठरवून घरी पाठवले गेले. त्यांच्याही बोर्डाने सेवेशी संबंध नाही असे लिहिले होते. २ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला आणि बोर्डाने कारणे द्यायला हवीत हे स्पष्ट केले. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. आमचा गडी त्याआधीच बाहेर पडला, म्हणून त्याला जुने लागू. आधी अपील, तिथे नाही झाले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ. अपिलाची मुदत सहा महिने, आणि ती पत्र कपाटात ठेवून दिले तरी धावत राहते.

टक्क्यांचा हिशेब आणखी विचित्र. मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला १९ टक्के लिहिले तर काही नाही. २० लिहिले तर ते ५० धरायचे, कारण ५० च्या आतले सगळे वर उचलले जाते. हा लाभ नियमित निवृत्तांनाही आहे, असे १० डिसेंबर २०१४ च्या रामअवतार निकालाने ठरले. १०० टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या ३० टक्के मिळतात, म्हणजे ५० ला १५. बोर्डाच्या खोलीत एका टक्क्याला एवढी किंमत असते.

याच माणसाचा धाकटा भाऊ मच्छीमार बोटीचे इंजिन सांभाळतो. लाकडी होडीत डिझेल इंजिनाला लागून त्याची बैठक, दिवस दिवस. मी दोघांचे आलेख शेजारी ठेवले. खड्डा त्याच जागी, तसाच खोल. पण त्याला ‘कशामुळे’ हा प्रश्न विचारायला कोणी मालकच नाही. २०१६ चा दिव्यांग कायदा कारण विचारत नाही, फक्त किती ते पाहतो, आणि तिथे बोलण्याच्या स्वरांत दोन्ही कानांची हानी ६० डेसिबलच्या पुढे गेल्याशिवाय माणूस ‘कमी ऐकणारा’ ठरत नाही. धाकट्याची अजून गेलेली नाही. तो कानात कापूस घालतो. कापसाने आवाज फारसा अडत नाही, कानावर घट्ट बसणारे मफ घे, असे सांगितले तर म्हणाला, “मग तांडेलाची हाक कशी कळायची?”

आता त्यांनी तांडेल हात वर करेल असे ठरवले आहे. रात्री कसे करायचे ते ठरायचे आहे.