कुत्र्याच्या अंगावरचे फोड

राखणीच्या कुत्र्याचे केस झडले, की ‘लूत भरली’ म्हणून आपण त्याला हाकलतो, नाहीतर इंजिनाचं जळकं ऑइल फासतो. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं.

आधी त्याचं पोट नीट पाहा. पुवाचे बारीक फोड, किंवा कडेला पापुद्रा सुटलेले गोल चट्टे दिसले, तर ते जंतूंचं दुखणं असू शकतं. हे जंतू निरोगी कातडीवरही असतात. पिसवांपायी खाजवून कातडी सोलली, की फोफावतात. तेव्हा पिसवांचा बंदोबस्त हवाच. लूत की जंतू, हे पशुवैद्य कातडी खरवडून तपासतील. क्लोरहेक्सिडीनचा शाम्पू सांगितला, तर फेस १० मिनिटं अंगावर ठेवून धुवा. गोळ्या मात्र मधेच सोडू नका. राखणदाराचं एवढं देणं आपण लागतो.